मिडगार्डच्या बाहेरची वस्ती

विष्णुपंत गुरुजी नॉर्वेहून परत आले तेव्हा बोरवेढ्याला वाटलं होतं, चार महिने मुलाकडे राहून आलेत, थंडीचं सांगतील, तिकडच्या भाजीच्या भावाचं सांगतील आणि पंधरा दिवसांत मोकळे होतील. पण गुरुजींनी चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला. मुलगा राजस दिवसभर कामावर, बाहेर बर्फ, तेव्हा तिथल्या वाचनालयात बसून त्यांनी तिकडच्या जुन्या देवांचा सगळा उतारा काढून आणला होता. मारुतीच्या पारावर रोज संध्याकाळी ते तो थोडा थोडा सोडत.

त्यातलं गावाला सगळ्यात जास्त पटलं ते मिडगार्ड. यमीर नावाचा एक अवाढव्य राक्षस होता. देवांनी त्याला मारला आणि त्याचं काहीही वाया जाऊ दिलं नाही. मांसाची जमीन केली, रक्ताचा समुद्र केला, हाडांचे डोंगर, कवटीचं आभाळ. मग मधोमध माणसांसाठी एक आवार आखलं, तेच मिडगार्ड. बाकीचे राक्षस आत शिरू नयेत म्हणून त्याला यमीरच्याच भुवयांचं कुंपण घातलं. कुंपणापलीकडे समुद्र, आणि समुद्रात साऱ्या जगाला वेटोळं घालून, आपलीच शेपटी तोंडात धरून पडलेला साप.

भुवया केवढ्या असतील, यावर पारावर दोन संध्याकाळी गेल्या. मच्छिंद्र मात्र वेगळंच विचारून बसला. गावाबाहेर उत्तरेला, कालव्याच्या काठी, डोंगराच्या पायथ्याला त्याची एकट्याची वस्ती. डेअरीला दूध घालायला टेम्पो घेऊन यायचा आणि जाताना घटकाभर पाराच्या कडेला टेकायचा.

"गुर्जी, जे भाईर ऱ्हायले, ते आदीपासून राक्षस हुते, का भाईर ठेवले म्हनून राक्षस झाले?"

गुरुजी म्हणाले, पुस्तकात बघून सांगतो. चाळीस वर्षांत गुरुजींनी असं कुणाला म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं.

ही गोष्ट नुसती गोष्टच राहिली असती. पण त्या वर्षी बिबट्यानं बोरवेढ्यातली अकरा कुत्री, सात शेळ्या आणि सरपंचांचं एक वासरू नेलं. सरपंचांचं वासरू गेल्यावर प्रश्न गंभीर झाला आणि गावाभोवती सौर कुंपण मंजूर झालं. पाच पदरी तार, सिमेंटचे खांब आणि देवळात बसवलेलं झटका मशीन. देवळातून निघालेली तार गाव नि गावालगतचा ऊस फिरून परत देवळात यायची, आणि टोकाला टोक जुळलं की करंट सुरू. गुरुजींनी पाहिलं आणि सांगितलं, हे मिडगार्डच आहे. नाव तिथंच चिकटलं. रेघ कुठून न्यायची हेही गुरुजींनाच आखायला सांगितलं, कारण गावात नकाशा सरळ धरता येणारे तेच एक.

आता तार ठरलेली आणि गाव वाढलेलं. ग्रामसभेत दोन प्रश्न आले. गावाच्या उत्तरेला, उसाच्या कडेला वाघोबाचं ठाणं होतं, शेंदूर लावलेली एक शिळा. ती आत घ्यायची तर तार वळवावी लागणार, अठ्ठावीस खांब जास्त. मच्छिंद्राची वस्ती आत घ्यायची तरी तेवढेच खांब. दोन्ही काही होत नव्हतं. सरपंच हनुमंत तरुण माणूस, त्यानं हात वर करायला लावले. देवाला बाहेर ठेवा म्हणणारा हात कुणाचा वर होणार? देव आत आला. मच्छिंद्राचासुद्धा हात देवासाठीच वर गेला होता, कारण शेजारचा बघत होता. हनुमंतानं त्याला नंतर पाठीवर थाप मारून सांगितलं, की नाना, तुम्ही जुनी माणसं, तुमचं नि बिबट्याचं जमतं.

मच्छिंद्र घरी आला. घरकुल अर्धं झालं होतं. भिंती उभ्या, वर पत्रे, दारं-खिडक्या दिवाळीनंतर. मुलगा रविराज चाकणला कंपनीत. घरात बायको छबूबाई, सून पूजा आणि तिचा तीन महिन्यांचा ओम. छबूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि दाराच्या रिकाम्या चौकटीला लुगड्याचा पडदा बांधला.

वाघबारशीला, म्हणजे वसुबारशीच्याच दिवशी, दरवर्षी वाघोबाला कोंबडं असे. यंदा कुंपणाचं वर्ष, म्हणून गावानं बोकड दिला. देवाचा वाटा परत न्यायचा नाही ही रीत. म्हणून मुंडकं, वजडी, आतडी संध्याकाळी ठाण्यावर ठेवून, आमच्याकडे येऊ नकोस बाबा, असं वाघोबाला हात जोडून सांगून लोक घरी गेले. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. सकाळी आठ चाळीसचा मुहूर्त धरून देवळात नारळ फुटला, हनुमंतानं बटण दाबलं आणि मशीन टिकटिक करू लागलं.

दहा मिनिटांनी उत्तरेकडून डरकाळी ऐकू आली. अशी, की पोरांच्या हातातले पेढे खाली पडले. गाव खूश झालं. मशीन चाललं, बसला झटका, असं म्हणत लोकांनी एकमेकांना पुन्हा पेढे दिले.

वनरक्षक पुंजाराम उद्घाटनाला आला होता. तो एकटा तारेच्या कडेनं बघत गेला आणि बरंच सावकाश परत आला. झटका बसलाय खरा, तो म्हणाला, पण पावलं आतल्या बाजूला आहेत. देवाच्या वाट्याला रात्री जो आला होता, तो पोटभर जेवून तिथंच उसात झोपला होता. आणि गावानं मुहूर्त साधून त्याला आपल्यात घेतलं होतं.

तासाभरात बोरवेढं घराघरात कोंडलं गेलं. गच्च्यांवर माणसं, गल्लीत कुणी नाही. मग गुरुजींची थोरली सून मनवा, जी दिवाळीला पुण्याहून आली होती, ती विचारू लागली, की बाबा कुठे आहेत.

बाबा वाघोबाच्या ठाण्याजवळ होते. राजसला नॉर्वेला पाठवायला वाघोबाचा फोटो हवा, म्हणून मुहूर्त संपताच ते काठी टेकत एकटेच गेले होते. डरकाळी झाली तेव्हा ते ठाण्यापासून वीस पावलांवर होते. तिथं विहिरीच्या मोटारीची खोली होती, तीन भिंतींची, चौथ्या बाजूला पत्र्याचा तुकडा आडवा लावलेला. गुरुजी आत शिरले आणि पत्रा ओढून धरला. खोली आणि ऊस यांच्यात एक कोरडा पाट. पाट दोन हातांचा.

मच्छिंद्राला हे कळलं ते गुरुजींच्याच फोनवरून. मनवाला काळजी वाटेल म्हणून त्यांनी आधी त्याला लावला होता. आवाज बारीक होता, पण शुद्ध. मच्छिंद्रा, मी मोटारीच्या खोलीत आहे, तो समोर उसात आहे, मला त्याचं शेपूट दिसतं आहे. आणि वर, की फार सुंदर आहे.

मच्छिंद्र वस्तीसमोरच्या, उत्तरेच्या फाटकापर्यंत आला. फाटक म्हणजे रस्त्यावर आडव्या पाच तारा, प्रत्येकीच्या टोकाला आकडा आणि धरायला प्लास्टिकची मूठ. तो बाहेर उभा. आत शंभरेक पावलांवर मोटारीची खोली, तिच्यामागे ऊस. मध्ये काही नाही. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा असं झालं होतं की गावापेक्षा त्याची वस्ती सुरक्षित होती. वाईट वाटायला हवं होतं. दोन मिनिटं तरी वाटलं नाही.

दुपारपर्यंत दोन गोष्टी झाल्या. हनुमंतानं एकदा जीप घालून पाहिली. पाटाच्या अलीकडे जीप अडली, उसातून आवाज आला, आणि जीप जेवढ्या वेगानं गेली नव्हती तेवढ्या वेगानं परत आली. आणि बेशुद्ध करणारं पथक लांबच्या तालुक्यात एका विहिरीवर अडकलेलं, ते उद्या सकाळी येणार होतं. गुरुजींना साखर. सकाळचं इंजेक्शन घेऊन निघालेले, पोटात एक पेढा. उद्या सकाळपर्यंत ते पत्रा धरून बसू शकणार नाहीत हे सांगायला डॉक्टर नको होता.

चारच्या सुमाराला जीप फाटकाशी आली. पुंजारामनं आतूनच मच्छिंद्राला समजावलं. मशीन बंद करून उपयोग नाही. एकदा चटका बसलाय, आता तो कुठल्याच तारेजवळ जाणार नाही. मोकळी वाट लागते, आणि वाट एकच, हे फाटक. उन्हं उतरली, गाव गप्प बसलं, की तो आपणहून डोंगराकडं निघेल. फक्त डोंगराची वाट मच्छिंद्राच्या अंगणातून जाते.

मग पुंजाराम म्हणाला, "तुमच्या घरात माणसं हायेत. तुमी हा म्हनल्याशिवाय मी उघडनार न्हाई, नाना."

हनुमंत खाली बघत होता. त्याला सांगावं लागलं नाही, की दाराला पडदा आहे. त्यानं हळू आवाजात विचारलं, की घरच्यांना गावात आणायचं का? मच्छिंद्रानं नुसतं उसाकडं बोट केलं. वस्तीवरून निघायचा रस्ता हाच एक, त्याच्या समोरून. दुसरीकडं कालवा, काठोकाठ.

मच्छिंद्रानं फोन काढला आणि गुरुजींना लावला. बराच वेळ वाजला. उचलल्यावर नुसता श्वास ऐकू आला.

"उघडायचं म्हनत्यात."

"ऐकतोय मी. उघडू देऊ नकोस."

"गुर्जी—"

"ऐक. रेघ मी ओढली. पेन्सिल तुझ्या घरापाशी आली तेव्हा माझा हात थांबला होता, मग मी तो पुढे नेला. उघडू देऊ नकोस. तुझ्या घरात लहान मूल आहे."

गुरुजींची जीभ जड झाली होती, ते मध्येच गोष्टीवर गेले. मिडगार्डचा शेवट सांगायचा राहिला, म्हणाले. शेवटी तो साप समुद्रातून वर येतो, कुंपण मोडतं, देवही मरतात. दोनच माणसं वाचतात. एक बाई, एक पुरुष.

"कुंपनात ऱ्हायलेली?"

"नाही रे. एका झाडात लपलेली. पुस्तकात बघितलं मी." आणि पत्रा खडखडला, फोन बंद झाला.

घरी छबूबाईनं विचारलं नाही, कारण तिला गच्चीवरच्या बायकांनी फोनवर आधीच सांगितलं होतं. तिनं एवढंच म्हटलं, की त्यांनी आपल्याला रानातलं धरलं, मग त्यांच्यातलं एक रानात गेलं तर त्यांचं त्यांनी बघावं. मच्छिंद्र ओट्यावर बसून राहिला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग पदर खोचला आणि टेम्पोतले दुधाचे कॅन उतरवायला लागली. रविराजच्या शाळेची फी भरायची राहिली होती तेव्हा ती गुरुजींनी भरली होती. छबूबाईला ते अजून आवडत नसे आणि ती ते विसरलीही नव्हती.

काचा बंद करता येतील अशी जागा एकच, टेम्पोची केबिन. पूजा ओमला घेऊन मध्ये, छबूबाई कडेला, मच्छिंद्र चाकाशी. मागं हौद्यात वासरू चढवलं आणि वर ताडपत्री करकचून बांधली. काल वसुबारशीला ओवाळलेलं वासरू, गळ्यात झेंडूची माळ तशीच. गाय चढेना. मच्छिंद्रानं तिचं दावं सोडलं. बांधलेल्या जनावराला काहीच करता येत नाही, निदान शिंगं तरी तिची तिला मोकळी.

सव्वापाचला त्यानं पुंजारामला होकार कळवला.

देवळातलं मशीन थांबलं. पुंजारामनं आकडे सोडून तारा बाजूला टाकल्या, जीप मागं नेली. गच्च्यांवर दीडशे माणसं होती आणि एकाचाही आवाज नव्हता. बोरवेढ्यात हे याआधी कधी झालं नव्हतं, श्रद्धांजलीच्या सभेतसुद्धा.

टेम्पो अंगणातच, फाटकाकडं तोंड करून उभा होता. मच्छिंद्र समोरच्या काचेतून बघत होता. ऊस हलला. मग बराच वेळ हलला नाही. मग मोटारीच्या खोलीच्या अलीकडं पिवळं काहीतरी जमिनीला धरून सरकलं, पत्र्याशी थांबलं आणि हुंगलं. केबिनमध्ये पूजाचे ओठ हलत होते. छबूबाईनं तिच्या मांडीवर हात ठेवला. पत्रा हलला नाही. बिबट्या वळला, फाटकाशी आला, जिथं तारा नव्हत्या तिथं मान खाली घालून उभा राहिला आणि एका उडीत बाहेर पडला.

आता तो रस्त्यावर होता आणि टेम्पोकडे येत होता.

तेवढ्यात मच्छिंद्राला फाटकाच्या आत जीप सुरू झालेली ऐकू आली. जीप फाटकाकडं येत होती. हनुमंत आत उभा राहून देवळाकडं हात हलवत होता. बिबट्या गावाबाहेर पडला होता. तारा जोडायच्या, मशीन सुरू करायचं, काम संपलं. बिबट्या अजून मच्छिंद्राच्या अंगणाच्या अलीकडं आहे, हा पुढचा भाग होता, आणि तो मिडगार्डच्या बाहेरचा होता.

जीपच्या आधी फाटकाशी दुसरं कुणी पोचलं. गुरुजी पत्रा टाकून निघाले होते. काठी कुठंतरी पडली होती. सातपैकी चार पावलं सरळ, तीन तिरकी, असे ते आले, खाली वाकले, पाचही मुठी दोन हातांत गोळा केल्या आणि त्या घेऊन फाटकाच्या बाहेर येऊन उभे राहिले. गावाकडं तोंड, डोंगराकडं पाठ. बिबट्याकडंही पाठ. हनुमंत जीपमधून खाली उतरून खुणा करत होता, की द्या, आत या. गुरुजींनी मान हलवली. वर्गात चुकीचं उत्तर आलं की हलवायचे तशी.

बिबट्या अंगणात आला. गाय फुरफुरली आणि डोकं खाली घेऊन तिनं एकच पाऊल पुढं टाकलं. तो बाजूला झाला, तिच्या हौदाशी गेला आणि पाणी प्यायला. लपलप आवाज बंद काचेतून ऐकू येत होता. सगळ्या दिवसाचा तहानलेला. तो पिऊन डोंगराला लागला असता, पण वासराला आई दिसत नव्हती. ताडपत्रीखालून ते हंबरलं.

टेम्पो मागून दबला. फाळक्यावर दोन पंजे टेकल्याचं मच्छिंद्राला पाठीत कळलं. ताडपत्री फाटत गेल्याचा आवाज आला. ओम जागा झाला आणि त्यानं तोंड उघडलं. पूजानं त्याला छातीशी लावलं, पण रडणं निसटलंच. ताडपत्रीचा आवाज थांबला. आता तो ऐकत होता.

छबूबाईनं मच्छिंद्राकडं पाहिलंही नाही. "गाडी मागं घ्या," ती म्हणाली.

त्यानं किल्ली फिरवली आणि रिव्हर्स टाकला. रविराजनं गेल्या दिवाळीला हौसेनं बसवलेला रिव्हर्स हॉर्न होता तो. आरतीच्या चालीवर, आणि एवढ्या मोठ्यानं की डेअरीवाल्यांनी तक्रार केली होती. टाळ-झांजांसकट आरती सुरू झाली आणि टेम्पोनं मागं हिसका दिला. पंजे सुटले. मच्छिंद्रानं आरशात पाहिलं तेव्हा एक लांबलचक शेपूट बांधावरून वर चढत होतं, मग करवंदीच्या जाळीत गेलं, मग वरच्या खडकावर क्षणभर बिबट्या सगळाच्या सगळा दिसला आणि नाहीसा झाला. आरती चालूच होती. गिअर काढायचं कुणाच्या लक्षात येईना.

मच्छिंद्र उतरून फाटकाकडं गेला. मनवा जीपमधून धावत येऊन सासऱ्यांच्या तोंडात साखर घालत होती. गुरुजी चघळत होते, पण मुठी सोडत नव्हते. बोटंच उघडत नव्हती. मच्छिंद्रानं एकेक बोट उलगडलं आणि मुठी आपल्याकडं घेतल्या.

हनुमंत कपाळ पुसत म्हणाला, द्या नाना, जोडून टाकू, परत यायचा एखादा.

"ठान्याकडं वळवलेले खांब किती?" मच्छिंद्रानं गुरुजींना विचारलं.

"अठ्ठावीस."

"ते उपटायचे. माज्या गोठ्यामागनं लावायचे."

हनुमंतानं आवाज खाली आणला. ग्रामसभा घ्यावी लागेल. देव बाहेर जाईल, लोक काय म्हणतील. तार द्यायला त्याची ना नव्हती, पण वाघोबाला असं उघड्यावर टाकायचं म्हणजे.

छबूबाई टेम्पोच्या पायरीवरून, नातवाला खांद्यावर थोपटत, तिथूनच बोलली. "वाघोबा भाईर ऱ्हायला तर त्याला काय वाघ खानार हाय का रं, हनुमंता?"

पुंजारामनं टोपी काढून डोकं खाजवलं.

"घे ग्रामसभा," मच्छिंद्र म्हणाला. "उद्या घे, न्हाईतर भाऊबीज झाल्यावर घे. मला काय घाई न्हाई. पर तवर हे जोडायचं न्हाई. तवर समद्यांनी माज्यावानी झोपायचं."

त्यानं पाचही मुठी आपल्या बाजूच्या मातीत टाकल्या. हनुमंत त्यांच्याकडं बघत उभा राहिला. उचलायला वाकला मात्र नाही. मनवा सासऱ्यांना जीपकडं वळवायला लागली, तर गुरुजी उलट्या दिशेला, वस्तीकडं निघाले होते. त्यांना चहा हवा होता, दोन चमचे साखर घातलेला, आणि आज नाही म्हणायला कुणाला तोंड नव्हतं. मच्छिंद्रानं त्यांना खांदा दिला. चालताना त्याला पहिलं काम आठवलं ते फाटलेल्या ताडपत्रीचं नव्हतं. गाय अजून मोकळी होती, आणि सांज उतरायच्या आत ती धरायला हवी होती.